बाबांचा पासवर्ड आणि करजणची मंडळी

लग्न होऊन मी साताऱ्याहून बडोद्याला आले, संसार अजून नीट मांडायचाच होता, तेवढ्यात कंपनीनं नवऱ्याला ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं. मागं उरलो आम्ही तिघं: सासूबाई, सासरे आणि मी. जाण्याआधी नवऱ्यानं कुणाकडून तरी जुना कॉम्प्युटर आणून पुढच्या खोलीत मांडला आणि सांगितलं, "इंटरनेट घ्या. मी रोज मेल करीन."

तेव्हाचं इंटरनेट म्हणजे घरच्या टेलिफोनच्या तारेवरून यायचं. कॉम्प्युटरला एक मोडेम जोडलेला असायचा. तो मोडेम कंपनीला फोन लावायचा, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळायचा, आणि दर वेळी पासवर्ड टाकला की मगच आत घ्यायचा. जितका वेळ इंटरनेट चालू तितका वेळ घरचा फोन एंगेज. बाहेरून कुणी कितीही लावला तरी लागायचा नाही.

माझे सासरे, म्हणजे बाबा, रिफायनरीत सेफ्टी खात्यात होते. रिटायर होऊन बडोद्यातल्याच गोरवा भागातल्या आमच्या सोसायटीत राहायला आले तरी खातं त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. गॅस बंद केला की ते परत जाऊन बघायचे. मग सासूबाईंना बघायला लावायचे. तुळशीपुढं निरांजन लावलं तर शेजारी पाण्याची बादली.

कनेक्शन द्यायला जो माणूस आला त्यानं सगळं जोडलं आणि विचारलं, "पासवर्ड शुं राखवो छे?" नेमक्या त्याच वेळी सासूबाईंनी त्याच्यापुढं बाकरवडीची बशी ठेवली. बाबा म्हणाले, "बाकरवडी." त्या माणसानं मान डोलावून ते टाइप केलं, बशी रिकामी केली आणि निघून गेला. त्यानं टाइप करताना पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटल्या होत्या. स्पेलिंग काय केलं ते कुणीच बघितलं नाही.

ते दोन-चार दिवस आठवले की मला अजून हसू येतं. बाबा एका बोटानं टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. बी, ए, के, ए, आर, डब्ल्यू... मोडेम किंचाळून नाही म्हणायचा. डब्ल्यूच्या जागी व्ही घालून बघितला. शेवटी डबल आय घालून बघितला. सासूबाई हिंचक्यावर झोके घेत म्हणाल्या, "अहो, चकली टाकून बघा. त्याला ऐकू कमी आलं असेल."

बाबांचा आवाज कंट्रोल रूममधून टाकीवर चढलेल्या माणसापर्यंत पोचावा असा घडलेला. खिडक्या सताड उघड्या. अखेर समोरच्या घरातले गुजराती काका सदऱ्याची बटणं लावत फाटकाशी आले आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, भाखरवडीमां बे एच आवे. तमे बन्ने भूली जाव छो."

दोन एच घातले. लगेच लागलं.

बाबांना आनंद झाला, पण मनातून पटलं नाही. आपण लहानपणापासून बाकरवडी म्हणतो, मग हे भ आणि ख आले कुठून? त्यानंतर रोज टाइप करताना दोन्ही एच ते कडू औषध घेतल्यासारखे उच्चारायचे. "बी... एच! ए... के... एच!" सोसायटीतल्या मुली त्याच ठेक्यावर दोरीच्या उड्या मारायला लागल्या. आणि एवढं असून पासवर्ड टाकताना बाबा मला पाठ फिरवायला सांगायचे. "गुप्त असतो तो, बेटा."

खरी अडचण पुढंच होती. सगळ्या घराचा मेलचा पत्ता एकच, आणि तो उघडायचे बाबा. इंटरनेट लावणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं प्लँट सुरू करणं. आधी सासूबाईंनी रिसीव्हर उचलून टोन आहे का ते ओरडून सांगायचं, मी मोडेमचा दिवा बघायचा, मग बाबा खुर्ची पुढं ओढून चष्मा पुसायचे. त्यानंतर नवऱ्याचं पत्र मोठ्यानं वाचलं जायचं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, त्यामुळं वाचायला जोर लागायचा.

"तुझी... आठवण... येते," बाबा एकदा अडखळत वाचत होते. थांबून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुणाची? माझी?"

"अहो, सरका तिकडं," सासूबाई म्हणाल्या. "तिला वाचू द्या."

"मग तसं नाव घालून लिहायला हवं त्यानं. मोघम लिहिलं की घोटाळे होतात," असं म्हणून बाबांनी वाचन पुढं चालू ठेवलं. माझे कान तापले होते. समोरच्या काकांच्या खिडकीतला पंखा बंद झाल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

उत्तरही बाबाच लिहायचे. त्यातलं एक मी पाठ करून ठेवलं आहे: "तुझी बायको ठीक आहे. आमच्या हवेने वजन वाढले आहे. काळजी नसावी."

त्या पत्रानंतर मी ठरवलं की या कॉम्प्युटरला आपलं आपण लॉगिन व्हायला शिकवायचं. पासवर्ड आत साठवून ठेवता आला तर मी ऑफिसातून आल्यावर गपचूप बटण दाबीन आणि माझी पत्रं माझी मी वाचीन. मी गोरव्यातल्याच एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते, कॉम्प्युटरची भीती नव्हती. पडद्यावर फोन लावायची जी खिडकी उघडायची, तीत 'पासवर्ड लक्षात ठेवा' अशा अर्थाचा एक छोटा चौकोन होता. त्यात टिक केली की काम झालं. पण तो चौकोन राखाडी पडलेला. दाबला तरी टिक उमटायची नाही.

मी बरेच दिवस त्याच्या मागं लागले. मोडेम काढून परत घातला, सगळं कनेक्शन पुसून नव्यानं केलं, चौकोन काही जागा होईना. शेवटी एका सकाळी बाबा कॉम्प्युटर सुरू करताना मी मागं उभी होते, तेव्हा उलगडा झाला. सुरू होताना कॉम्प्युटर एका खिडकीत नाव आणि पासवर्ड विचारायचा, आणि बाबा दर वेळी 'कॅन्सल' दाबून ती घालवायचे.

"बाबा, हे का करता?"

"कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय, काही लिहिलेलं नाही. अनोळखी माणसाला नाव सांगायचं नसतं."

ती खिडकी घालवली की कॉम्प्युटरला आपल्यापुढं कोण बसलंय तेच कळायचं नाही, आणि ओळख नसलेल्या माणसाचा पासवर्ड तोही जपून ठेवायला तयार नसायचा. म्हणजे दोघंही एकमेकांशी सारख्याच सावधपणानं वागत होते. मी बाबांना समजावलं की इथं नाव सांगून ओके म्हणायचं, मग पासवर्ड आतच राहील, रोज टाकायला नको.

"मशीनला सांगून ठेवायचा? आणि त्यानं कुणाला सांगितला तर?"

"बाबा, अख्ख्या सोसायटीला माहीत आहे तो."

"कसा काय?" ते खरोखर हादरले. नंतरचा सगळा दिवस ते समोरच्या काकांकडं संशयानं बघत होते.

पण शेवटी तयार झाले. मी नाव घातलं, ओके केलं, फोनची खिडकी उघडली, आणि तो चौकोन चक्क पांढरा झालेला. त्यात टिक मारण्याचा मान मी बाबांना दिला. त्यांनी टिक मारली, कनेक्ट दाबलं आणि एकही एच न उच्चारता इंटरनेट लागलं. सासूबाईंनी त्याच झटक्यात मोडेमचं किंचाळणंही बंद करून मागितलं. "मला त्या आवाजाचं फावत नाही," त्या म्हणाल्या. फावणं म्हणजे साताऱ्यात सवड मिळणं आणि बडोद्यात जमणं, हे एव्हाना मला कळायला लागलं होतं. मी आवाज शून्यावर नेला.

झालं असं की बाबांना ती टिक फार आवडली. आयुष्यभर त्यांनी तपासणीचे तक्ते भरले होते. रिकामा चौकोन म्हणजे कुणीतरी कामात कुचराई केली, अशी त्यांची समजूत. मी ऑफिसला गेले की ते सेटिंग्ज उघडून बसायचे आणि जो चौकोन रिकामा दिसेल त्यात टिक करायचे. आपोआप कनेक्ट व्हा: टिक. दर थोड्या वेळानं मेल तपासा: टिक. लाईन तुटली तर पुन्हा लावा: टिक. काम संपल्यावर लाईन सोडा, हाही एक चौकोन होता, पण त्यात आधीपासून टिक होती. एका शनिवारी दुपारी बाबांनी दाबल्यावर ती गेली. हे सगळं मला अर्थातच नंतर कळलं.

आता करजणच्या मंडळींबद्दल सांगते. बाबांची थोरली बहीण बडोद्याजवळच्या करजण गावी राहायची. तिला मी आत्याबाई म्हणायचे. तिच्या यजमानांना आमच्या घरात गुजराती पद्धतीनं फुवा म्हणत. त्याच शनिवारी संध्याकाळी आत्याबाईंचा फोन आला. बाबांनी त्या दिवशी मेथीचे गोटे, म्हणजे भजी, खाल्ले होते, तेही सासूबाई नको नको म्हणत असताना. फोनवर ते म्हणाले, "ताई, छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय."

"गॅस झालाय!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, पण ते करजणपर्यंत पोचलं नसावं.

रविवारी सकाळी बाबांनी कॉम्प्युटर चालू केला, त्यावर पत्त्यांचा एक डाव खेळले आणि कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून उठले. कॉम्प्युटरनं आपला आपण फोन लावला, आपला आपण पासवर्ड टाकला आणि मुकाट्यानं लाईन धरून बसला. आवाज नाही, काही नाही. घरात कुणाला पत्ता नाही. "आज एकसुद्धा फोन नाही. किती शांत वाटतंय," सासूबाई दोनदा म्हणाल्या.

तिकडं आत्याबाई भावाची तब्येत विचारायला सकाळपासून फोन लावत होत्या. नऊला एंगेज, अकराला एंगेज, जेवणानंतरही एंगेज. आत्याबाईंचा तर्क आम्हाला पुढं फुवांनी सांगितला. एखाद्या घरचा फोन दिवसभर एंगेज कधी असतो? जेव्हा सगळ्या नातेवाइकांना कळवणं चालू असतं. आणि आपल्याला अजून कळवलं नाही ते का? थोरल्या बहिणीला कोणत्या तोंडानं सांगायचं म्हणून. दुपारी त्यांनी पेटीतली पांढरी साडी काढली. फुवांनी पांढरा सदरा घातला. शेजारच्या दोन बायकांनाही सोबत घेतलं, आणि फुवांची जीप हायवेला लागली.

इकडं आमच्या अंगणात त्या दिवशी वर्षाच्या तिखटाची मिरची निवडायचं काम चाललं होतं. सोसायटीतल्या काकू, मासी, सगळ्या मदतीला आलेल्या. कंपाउंडच्या भिंतीआड पांढऱ्या चादरी अंथरून त्या गोल बसल्या होत्या आणि सुक्या मिरचीची देठं काढत होत्या. त्या ठसक्यानं सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डोक्यावरून पदर घेऊन त्याचंच टोक नाकाला लावलेलं. बोलायला तोंड उघडलं की खोकला, म्हणून कुणी बोलत नव्हतं. नुसती नाकं ओढायचा आवाज.

जीप फाटकाशी थांबली. भिंतीवरून मिरच्या दिसत नव्हत्या, पदर घेतलेली रडवेली डोकी तेवढी दिसत होती. आत्याबाई जीपमधूनच "माझा भाऊ गं!" असा टाहो फोडत उतरल्या. मी हातातलं सूप टाकून उठले. मला वाटलं, भाऊ म्हणजे करजणला कुणी दुसरा असेल, तो गेला. मी काही विचारणार तर त्यांनी मला छातीशी धरून "पोरी, आता धीर धर," असं म्हणून हंबरडा फोडला. माझे डोळे मिरचीनं आधीच वाहत होते. मी नुसती खोकत राहिले. तो खोकला त्यांना हुंदका वाटला आणि मला सोडून त्या आत धावल्या.

आणि आत बाबा झोपले होते. मिरचीचा ठसका आत येतो म्हणून त्यांच्यातल्या सेफ्टीवाल्या माणसानं व्यवस्था केली होती. पलंगावर सरळ उताणे, अंगावर गळ्यापर्यंत पांढरी चादर, आणि दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे.

आत्याबाईंची किंकाळी सोसायटीच्या नाक्यावर ऐकू गेली. बाबा ताडकन उठून बसले. समोर थोरली बहीण पांढऱ्या साडीत, मागं फुवा पांढऱ्या सदऱ्यात, दारात करजणच्या दोन अनोळखी बायका पदर लावून. बाबांच्या मनात एकच आलं, कुणीतरी गेलं. नाकात बोळे असल्यामुळं ते म्हणाले:

"ताई! कोड? कोड गेलं?"

आत्याबाईंनी बोट पुढं केलं. "तू!"

"बी?"

"तूच!"

बाबांनी आधी स्वतःच्या छातीकडं बघितलं, मग सासूबाईंकडं, जणू त्यांनी ही बातमी आपल्यापासून लपवली होती. सासूबाई हातात मिरचीची पाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी नाकातला कापूस काढा."

कापूस निघाला, तसा आत्याबाईंना कढ आला. भाऊ जिवंत आहे याचा आनंद त्यांना झाला असणारच, पण आधी आला तो राग. "मग मला इतकं रडवलंस कशाला? करजणपासून रडत आलेय मी!" त्यांनी बाबांच्या दंडावर दोन चापट्या मारल्या आणि तिसऱ्या चापटीला त्यांना मिठी मारून परत रडायला लागल्या. मग बाबाही रडले. बाहेरच्या बायका दारात जमल्या होत्या, त्याही रडत होत्या, पण त्या कशानं ते सांगता यायचं नाही.

फोन एंगेजचा खुलासा झाल्यावर मी पुढच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर बघितला. पडद्याच्या कोपऱ्यात इंटरनेट चालू असल्याची खूण, दोन चिमुकले कॉम्प्युटर, लुकलुकत होती. सकाळपासून लाईन चालूच. सेटिंग्ज उघडली तर वरपासून खालपर्यंत टिकाच टिका.

"हा आपल्या मनानं फोन लावतो?" आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसत विचारलं. "कुणाला लावतो?"

"कंपनीला," मी म्हटलं.

"आणि काय बोलतो?"

"पासवर्ड सांगतो."

"घरातली गोष्ट बाहेर सांगायची वाईट सवय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरला पाठ केली.

त्यानंतर चहा झाला. मग प्रश्न निघाला की आता आंघोळ करायची का? मंडळी मर्तिकाला म्हणून निघालेली, रडणंही झालेलं. करजणच्या एक बाई म्हणाल्या, करावी. समोरच्या मासी म्हणाल्या, माणूस उठून चहा पितोय, कसली आंघोळ? फुवा म्हणाले, मिरचीनं अंग चुरचुरतंय, मी करतोच. तो वाद मिटला. जीपमध्ये मागच्या सीटखाली पुडीत बांधलेला हार होता. फुवांनी तो लपवायचा बराच प्रयत्न केला, पण बाबांनी शोधून काढला आणि उजेडात धरून बघितला. "नुसता झेंडू?" ते म्हणाले. "गुलाब मिळत नव्हते?" सासूबाईंनी हार त्यांच्या हातातून काढून देवघराच्या दाराला लावून टाकला.

त्या संध्याकाळी मी टिका एकेक करून काढल्या. पासवर्डची तेवढी ठेवली. आपोआप फोन लावायचा बंद, लाईन सोडायचं मात्र आपोआप. बाबा शेजारी बसून प्रत्येक काढलेल्या टिकेचं कारण विचारत होते. मग त्यांनी मुलाला मेल लिहायला घेतला. मी मिरच्या आत आणत होते, म्हणून वाचला नाही. त्यांनी लिहिलं होतं: "मी जिवंत आहे. सर्व मंडळी येऊन गेली. सविस्तर मागाहून."

दुसऱ्या सकाळी जर्मनीहून फोन आला. नवरा घाबराघुबरा झाला होता. बाबांनीच उचलला, त्यांचा आवाज ऐकून तो आणखी गोंधळला. बाबांनी त्याला सगळी हकीकत गोट्यांपासून सांगायला सुरुवात केली, तेव्हा सासूबाईंनी रिसीव्हर काढून घेऊन माझ्या हातात दिला आणि बाबांना बाहेर नेऊन दार लोटून घेतलं. लग्नानंतर इतक्या लांबून आम्ही दोघंच पहिल्यांदा बोलत होतो. मी आधी म्हटलं, "माझं वजन वाढलेलं नाही." तो इतका हसला की पुढची काही वाक्यं वायाच गेली. त्याच आठवड्यात त्यानं माझ्यासाठी मेलचा वेगळा पत्ता काढला.

बाबांना त्या रविवारपासून एक छंद लागला, तो मात्र बरेच महिने टिकला. कोण किती रडलं, याची चौकशी. आत्याबाई पूर्ण रस्ता रडल्या होत्या, त्यांच्याबद्दल प्रश्न नव्हता. करजणच्या त्या दोन बायका त्यांना ओळखतही नसताना रडल्या, त्यांचं ते कौतुक करायचे. पण फुवा रडले नव्हते. उलट वाटेत चहाला थांबायचं का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि हे आत्याबाईंच्याच तोंडून निघालं होतं. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. फुवांशी बोलायचे, पण तुटक. त्यांचा विषय निघाला की म्हणायचे, "हो, ते चहावाले."

दिवाळीत करजणची मंडळी जेवायला आली. पंगतीत बाबा आणि फुवा समोरासमोर. नवराही परत आला होता. श्रीखंड वाढून होतं, आणि बाबांना राहवलं नाही.

"भाऊजी, एक विचारू? तुम्हाला त्या दिवशी रडू का नाही आलं?"

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. फुवांनी पुरी खाली ठेवली. ते शांतपणे म्हणाले, "आलं होतं ना. पण गाडी मी चालवत होतो. हायवेवर डोळ्यांत पाणी घेऊन चालवायची? समोरून ट्रक येत होते. म्हटलं, चहाला थांबून तिथं पोटभर रडून घेऊ. तर ही थांबू देईना."

बाबांनी मला हाक मारली आणि फुवांच्या पानाकडं बोट दाखवलं.

"बेटा, भाऊजींना श्रीखंड वाढ. आग्रह करून वाढ."